एक्मो सुटलं, पण आवाज फुटेना: मुलांमधल्या चेतातंतूंच्या इजा कशा शोधायच्या?

अनुस्वार
मुलांच्या अतिदक्षता विभागात एक्मो सुरू झालं की सगळ्यांचं लक्ष दोनच गोष्टींवर खिळलेलं असतं: रक्तस्राव आणि मेंदू. ते योग्यच आहे, जीव त्यांच्यावरच तोललेला असतो. पण मूल एक्मोवरून सुटतं, व्हेंटिलेटर सुटतो, श्वासनळीतली नळी निघते, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात येतं की हे रडतंय पण आवाज फुटत नाही. किंवा एक हात अंथरुणावर ठेवला तिथेच पडून आहे. इजा बऱ्याचदा कॅन्युला (रक्तवाहिनीत घालायची एक्मोची नळी) घालताना, पहिल्या तासातच झालेली असते. कळते दोन-तीन आठवड्यांनी. मधल्या काळात मूल झोपेच्या औषधावर असतं, कधी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावरही. ते सांगणार कसं?

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. एक्मो म्हणजे शरीराबाहेरचं फुप्फुस, आणि गरज पडली तर हृदयसुद्धा. शिरेतून रक्त बाहेर काढायचं, मेम्ब्रेनमध्ये त्यात प्राणवायू मिसळायचा, कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि रक्त परत शरीरात सोडायचं. १९७५ साली रॉबर्ट बार्टलेट यांनी कॅलिफोर्नियात एका नवजात मुलीला यावर वाचवलं, तिथून मुलांमधल्या एक्मोला खरी सुरुवात झाली. नवजात बाळात हृदयालाही आधार द्यायचा असेल तर सहसा मानेची उजवी बाजू निवडतात. इंटर्नल जुग्युलर शिरेत एक कॅन्युला, कॉमन कॅरोटिड धमनीत दुसरी. या दोघी एकाच आवरणात असतात, आणि त्याच आवरणात दोघींच्या मागच्या खोबणीत व्हेगस हा चेतातंतू असतो. स्वरतंतू हलवणारा रिकरंट लॅरिंजियल तंतू या व्हेगसचीच शाखा. उजवीकडे तो सबक्लेव्हियन धमनीला खालून वळसा घालून परत वर स्वरयंत्राकडे येतो.

माझा प्रश्न सरळ आहे. मानेतून एक्मो दिलेल्या प्रत्येक मुलाची स्वरयंत्राची दुर्बीण-तपासणी करावी, की आवाज बसलेला दिसला तरच? माझं मत: प्रत्येकाची करावी. इतर चेतातंतूंबद्दलही लिहा.

काजवा
एक विनंती. चर्चेत 'नस' हा शब्द टाळू या. आपल्याकडे शिरेलाही नस म्हणतात आणि चेतातंतूलाही. "मानेतल्या नसेत नळी घातली" आणि "मानेतली नस दुखावली" ही दोन वाक्यं पालकांना एकापाठोपाठ सांगितली, की त्यांना वाटतं नळी घातली तीच नस फाटली. शीर, धमनी, चेतातंतू असे तीन वेगळे शब्द ठेवले तर निम्मा गोंधळ मिटतो.

गोधडी
काजवा, +१. आणि स्वरतंतू हे चेतातंतू नव्हेत, तेही सांगावं लागतं. स्वरतंतू म्हणजे स्नायू आणि पडदा असलेल्या घड्या. त्यांना हुकूम पोचवतो तो चेतातंतू.

वेलांटी
सुरुवात कॅन्युला घालण्यापासून करू या, कारण टाळता येण्यासारखं बरंच तिथे आहे.

उघड्या पद्धतीत खांद्यांखाली घडी देऊन मान थोडी ताणतात, डोकं डावीकडे वळवतात. हासळीच्या हाडाच्या वर साधारण एक बोटावर आडवा छेद घेतात. स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूची दोन टोकं अलग केली की आवरण दिसतं. ते उघडल्यावर पहिलं काम व्हेगस ओळखणं. तो पांढरट, चकचकीत दोरीसारखा असतो. त्याला बाजूला राहू द्यायचं, ओढायचं नाही, त्याच्याभोवती लूप टाकायचा नाही. चूक होते ती तीन ठिकाणी. पहिली, धमनीमागून अँगल्ड क्लॅम्प फिरवून दोरा ओढून घेताना व्हेगसही फासात येतो. म्हणून गाठ मारण्याआधी फास उचलून मागच्या बाजूने बघायचं, आत फक्त धमनीच आहे ना. दुसरी, कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने रक्त थांबवणं. रक्त येतंय म्हणून तंतूच्या शेजारी मोनोपोलर चालवलं तर तंतू न कापताही उष्णतेने जातो. तिथे बायपोलर (ज्यात वीज फक्त चिमट्याच्या दोन टोकांमध्ये जाते) वापरा, तेही कमी ताकदीवर, नाहीतर नुसतं दाबून धरा. तिसरी, रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरणारं साधन. तो खोल आणि बराच वेळ ताणून ठेवला की तंतू चेपतो.

नवजात बाळात धमनीची कॅन्युला सहसा ८ ते १० फ्रेंचची असते. १० फ्रेंच म्हणजे ३.३ मिलिमीटर. एवढीशी मान, त्यात अशा दोन नळ्या. घाईत छाती दाबणं चालू असताना हे सगळं करावं लागतं तेव्हा व्हेगस नीट दिसायला हवा ही अपेक्षा योग्यच आहे, पण ती दरवेळी पुरी होत नाही. तशा वेळी ऑपरेशनच्या नोंदीत स्पष्ट लिहावं: व्हेगस दिसला की दिसला नाही. हे एक वाक्य तीन आठवड्यांनी सोन्यासारखं उपयोगी पडतं.

कंदील
म्हणूनच जिथे हृदय नीट चालतंय आणि प्रश्न फक्त फुप्फुसांचा आहे, तिथे दुहेरी पोकळीची एकच कॅन्युला सोनोग्राफीखाली सुईने जुग्युलर शिरेत घालावी. आवरण उघडायचंच नाही, कॅरोटिडला हात लावायचाच नाही. चेतातंतूचा प्रश्नच मिटला.

वेलांटी
कंदील, मिटला नाही, कमी झाला. सुई शिरेच्या मागच्या भिंतीतून आरपार गेली तर मागे व्हेगस आहे, शेजारी धमनी आहे. धमनीला टोचलं, त्यात हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू झालं, की आवरणात रक्त साचतं. त्या बंदिस्त जागेत गाठ फुगली की तंतू दाबला जातो. शिवाय आणखी बाहेर आणि मागे, पुढच्या स्केलीन स्नायूवरून, श्वासपटल हलवणारा फ्रेनिक तंतू खाली उतरतो. सुईची दिशा फार बाहेर गेली तर तोही वाटेत येतो.

कॅन्युला काढतानाचं विसरू नका. सुईने घातलेली काढून वर दाबून धरता येते. उघड्या पद्धतीत घातलेली काढताना आठ-दहा दिवसांच्या चिकटलेल्या, सुजलेल्या ऊतींतून पुन्हा तिथपर्यंत जायचं असतं. तेव्हा पांढरी दोरी आणि पांढरा व्रण यांत फरक करणं पहिल्या दिवसापेक्षा कठीण.

झुळूक
रक्त साचल्याचं वेळेत कसं ओळखायचं? मानेवर तर एवढं ड्रेसिंग असतं.

पाऊलवाट
झुळूक, ड्रेसिंग पारदर्शक ठेवायचं, आणि दर तासाला हाताने चाचपायचं. कडकपणा वाढतोय का, मानेचा घेर वाढतोय का, हासळीच्या वरची खळी भरून आलीय का. पहिल्या दिवशी पेनने सुजेची कड आखून ठेवा, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला अंदाज बांधावा लागत नाही. पंपाकडेही लक्ष हवं. शिरेच्या बाजूचा दाब एकदम जास्त ऋण झाला, नळी थरथरायला लागली, तर रक्त कमी पडतंय किंवा कॅन्युला बाहेरून दाबली जातेय, ही दोन कारणं आधी बघायची. गाठ वाढत असेल तर हेपारिनचं लक्ष्य खाली आणायचं, प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारे घटक) भरून काढायचं आणि सर्जनना बोलवायचं. गाठ मोकळी केली तर दाबलेला तंतू सुटण्याची संधी असते. वाट बघत बसलं तर ती जाते.

चाफेकळी
आता स्वरयंत्राकडे. एका बाजूचा स्वरतंतू लुळा असेल तर रडणं क्षीण, घोगरं, हवा निसटल्यासारखं येतं. दूध पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजू लुळ्या असतील तर उलट चित्र: आवाज बऱ्यापैकी, पण श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आणि छाती ओढली जाणं. ही तातडीची बाब, पुन्हा नळी घालावी लागते.

बाजू बघणं महत्त्वाचं, कारण ती कारणाकडे बोट दाखवते. मानेतल्या एक्मोने उजवा स्वरतंतू जातो. डावा रिकरंट तंतू महाधमनीच्या कमानीला वळसा घालतो, म्हणून कमानीवरची शस्त्रक्रिया किंवा डक्टस (जन्मानंतर बंद न झालेली, महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी वाहिनी) बांधणं यांत डावा जातो. हृदयाची शस्त्रक्रिया आणि मग एक्मो, असं दोन्ही झालेलं मूल असेल तर दोन्ही बाजूंची भीती असते. आणि तिसरं कारण आहे श्वासनळीतली नळी. तिचा फुगा स्वरतंतूंच्या जेमतेम खाली राहिला किंवा जास्त फुगवला तर रिकरंट तंतूची पुढची शाखा फुगा आणि थायरॉइड कूर्चा यांच्यात चेपते. मुलांत फुग्याचा दाब २० सेंटिमीटर पाण्याच्या खाली ठेवायचा, मोजून. बोटाने दाबून बघितलेला अंदाज नेहमी फसवा निघतो.

तपासणी नाकातून लवचीक दुर्बिणीने, मूल जागं आणि स्वतः श्वास घेत असताना. झोपेच्या औषधाखाली स्वरतंतू हलत नाहीत आणि नसलेला लुळेपणा दिसतो. नळी काढल्यावर लगेच बघितलं तर सूज असते, म्हणून ४८ ते ७२ तास थांबावं. त्याआधी मूल घुसमटत असेल तर मात्र थांबू नये.

कंदील
मग अनुस्वार यांच्या मूळ प्रश्नावर माझं मत: सरसकट नको. नुकतीच नळी निघालेल्या बाळाच्या नाकात दुर्बीण घातली की नाडी खाली जाते, प्राणवायू उतरतो. हेपारिन नुकतंच बंद झालेलं, प्लेटलेट कमी. नाकातून रक्त वाहायला लागलं तर थांबता थांबत नाही. आवाज चांगला, दूध नीट पितंय, अशा बाळाला हे कशासाठी?

अनुस्वार
कारण "दूध नीट पितंय" हे दिसण्यावर अवलंबून आहे. तान्ह्या बाळांत दूध श्वासनळीत उतरताना ठसका लागेलच असं नाही. वरच्या भागाची संवेदना देणारा सुपीरियर लॅरिंजियल तंतूही व्हेगसचाच. व्हेगस वर कुठे दुखावला तर हालचालही जाते आणि जाणीवही. ठसका लागायला आधी जाणीव हवी. आवाज चांगला, ठसका नाही, आणि पंधरा दिवसांनी छातीत कफ, वजन वाढत नाही, पुन्हा न्यूमोनिया. तेव्हा मागे वळून बघायचं की आधीच बघायचं?

देवचाफा
गिळण्याबद्दल थोडं सविस्तर. पहिलं दूध तोंडाने देण्याआधी किमान एवढं व्हावं. नाकातल्या नळीने पोट भरत असताना चोखणीवर अर्धा-एक मिलिलिटर देऊन बघायचं. चोखणं, गिळणं, श्वास यांचा ताल लागतो का? गिळल्यानंतर श्वास ओलसर, गुरगुरता येतो का? मानेवर स्टेथोस्कोप ठेवला की ते चांगलं ऐकू येतं. नाडी आणि प्राणवायू मॉनिटरवर. कपाळ आणि भुवया लालसर होणं, डोळे विस्फारणं, बोटं ताठ पसरणं, ही बाळाची 'थांबा' म्हणायची भाषा आहे.

शंका आली तर क्ष-किरणाखाली गिळण्याची तपासणी किंवा दुर्बिणीतून गिळणं बघणं. तोपर्यंत बाळाला कुशीवर घेऊन पाजणं, कमी वेगाचं बूच, दोन-तीन घोटांनंतर बाटली खाली करून श्वास घेऊ देणं. काही जण कुशीवर घेताना निकामी बाजू वर ठेवतात, म्हणजे दूध चांगल्या बाजूने उतरतं. बऱ्याच बाळांना फायदा होतो, पण तपासणीत खात्री करूनच घरी सांगावं. दूध घट्ट करायचं ठरलं तर एक इशारा: मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना झँथन गमचं थिकनर देऊ नये, आतड्यांच्या गंभीर दाहाशी त्याचा संबंध दिसला आहे.

गोधडी
देवचाफा, 'थांबा म्हणायची भाषा' ही ओळ पाजण्याच्या खोलीत भिंतीवर लावावी अशी आहे. वाचनखूण साठवली.

काजवा
बाहुल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. एक्मोवरच्या मुलाच्या डोळ्यांत टॉर्च मारली आणि बाहुल्या असमान दिसल्या की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो: मेंदूत रक्तस्राव. ती शंका आधी फेडायचीच. टाळू उघडी असेल तर लगेच सोनोग्राफी, नसेल तर सीटी. पण मानेत कॅन्युला घातल्यावर आणखी एक कारण असतं, हॉर्नर. कॅरोटिडच्या आवरणामागे सिम्पथेटिक साखळी (बाहुली मोठी करणाऱ्या चेतातंतूंची) आहे, ती दुखावली तर त्या बाजूची बाहुली लहान होते आणि पापणी थोडी खाली येते.

ओळखायचं असं. खोलीतले दिवे मंद करा, थोडं थांबा, मग बघा. अंधारात फरक वाढला तर लहान बाहुली आजारी, म्हणजे ती मोठी होऊ शकत नाहीये. हे हॉर्नरकडे झुकतं. उजेडात फरक वाढला तर मोठी बाहुली आजारी, ती आकसत नाहीये, हे धोक्याचं. एक अडचण आहे: मॉर्फिन किंवा फेंटानिल चालू असेल तर दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतात आणि फरक बुजून जातो. औषध उतरवल्यावर हॉर्नर 'नव्याने' दिसतो, खरं तर तो आधीपासूनच असतो. तान्हेपणी झालेला हॉर्नर टिकला तर पुढे त्या डोळ्याच्या बुबुळाचा रंग फिका राहू शकतो.

झुळूक
आणि हात? मूळ धाग्यात हात पडून असल्याचं लिहिलंय. तो मेंदूमुळे की मानेतल्या इजेमुळे, हे कसं ठरवायचं?

साधाकागद
झुळूक, इथे बाजू पुन्हा कामाला येते. उजवी कॅरोटिड बांधलेली आहे. मेंदूच्या उजव्या भागाला रक्त कमी पडलं तर लुळेपणा डाव्या अंगाला येतो. म्हणजे उजव्या मानेत कॅन्युला आणि उजवाच हात लुळा, असं असेल तर आधी ब्रेकियल प्लेक्ससचा, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्याचा विचार करा. प्लेक्ससच्या इजेत हात सैल, कोपराची प्रतिक्षेप उडी गेलेली, पाय आणि चेहरा ठीक. मेंदूच्या इजेत सुरुवातीला सैलपणा असला तरी पुढे ताठरपणा येतो, उड्या जोरात येतात, बऱ्याचदा पायही सोबत असतो. तान्ह्या बाळात मोरो प्रतिक्षेप (दचकून दोन्ही हात पसरणं) करून बघा: एक हात उघडतो, दुसरा तसाच. याला अपवाद असतात, म्हणून मेंदूचं चित्रण टाळू नये.

कारण बहुतेक वेळा ताण. डोकं पूर्ण डावीकडे वळवलेलं, उजवा खांदा खाली ओढून चिकटपट्टीने बांधलेला, आणि त्याच अवस्थेत कितीतरी दिवस. प्लेक्सस मान आणि खांदा यांच्यामध्ये ताणलेल्या दोरीसारखा राहतो.

पाऊलवाट
साधाकागद बरोबर बोलताहेत. कॅन्युला घालताना डोकं वळवलेलं असतं, पण नळी पक्की बसल्यावर डोकं मध्यरेषेकडे परत आणायचं. ते मेंदूतून रक्त परत येण्यासाठीही बरं. आणताना एक जण फक्त कॅन्युला धरणार, एक डोकं-खांदे, एक अंग, आणि पंपाचा प्रवाह बघणारा चौथा. नळ्या बिछान्याला आणि डोक्याच्या पट्ट्याला अशा बांधायच्या की ओढ कॅन्युलावर येऊ नये आणि खांद्यावरही येऊ नये.

बाकी हातापायांचं: दंड अंगापासून ९० अंशांपेक्षा जास्त लांब नको. कोपर किंचित वाकलेलं, तळहात वर किंवा मांडीकडे. तळहात खाली ठेवून कोपर गादीवर टेकलं की अल्नर तंतू खोबणीत चेपतो. रक्तदाबाचा पट्टा कोपरावर नको. मनगटाच्या धमनीत सुई घालताना मनगट मागे वाकवतात. सुई बसली की ते सरळ करायचं. मागे वाकलेलं मनगट फळीला बांधून ठेवलं तर मिडियन तंतू दिवसभर ताणलेला राहतो. पालथं झोपवलेल्या मुलात वर घेतलेला हात दर दोन तासांनी बदलायचा.

पायांत सगळ्यात जास्त जाणारा तंतू म्हणजे चवडा वर उचलणारा पेरोनियल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या मानेवर तो अगदी कातडीखाली असतो. औषधाखाली पाय बाहेर कलंडतो, तो उंचवटा गादीच्या कठड्यावर किंवा पट्ट्यावर टेकतो आणि तंतू तिथेच मरतो. मांडीच्या बाहेरून गुंडाळलेली चादर लावा, पाय सरळ राहील. टाचा तरंगत्या ठेवा, चवडा ९० अंशांत.

झुळूक
मोठ्या मुलांत तर जांघेतून एक्मो देतात ना? तिथे काय?

वेलांटी
हो, चालत्या वयाच्या पुढे जांघ वापरतात. जांघेत बाहेरून आत क्रम असा: चेतातंतू, धमनी, शीर. म्हणजे फिमोरल तंतू धमनीच्या बाहेरच्या कडेला लागूनच. थेट इजा, किंवा जांघेत वा पोटाच्या मागच्या भागात, इलियाकस-सोआस स्नायूत रक्त साचून दाब. लक्षणं: गुडघा सरळ करता येत नाही, गुडघ्याची उडी जाते, मांडीच्या पुढच्या आणि पोटरीच्या आतल्या बाजूला बधिरता. हिमोग्लोबिन कारण नसताना उतरत असेल आणि मूल खुबा वाकवून ठेवत असेल, तर पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी मागा.

पण जांघेतला मोठा शत्रू वेगळा: कॅन्युलाने धमनी भरून जाते आणि पायाला रक्तच पुरत नाही. चेतातंतू रक्ताविना स्नायूपेक्षाही आधी कुरकुरतो. म्हणून खालच्या पायाला रक्त देणारी वेगळी छोटी कॅन्युला, साधारण ५ ते ८ फ्रेंच, वरवरच्या फिमोरल धमनीत खालच्या दिशेने घालतात. ती आधीच घालावी, पाय गार पडल्यावर नाही.

पाऊलवाट
दोन्ही पोटऱ्यांवर निअर-इन्फ्रारेडचे सेन्सर (कातडीवरून ऊतींतला प्राणवायू मोजणारे) लावा. आकडा किती हे जसं महत्त्वाचं तसं दोन्ही पायांत फरक किती हेही. शिवाय दर तासाला पावलाचा रंग, उष्णता, केशिका भरण्याचा वेळ, डॉप्लर. आणि पोटरी हाताने दाबून बघा. रक्त परत सुरू झाल्यावर पोटरी फुगते, स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यातला दाब चढतो. जागं मूल किंचाळून सांगेल, औषधाखालचं मूल फक्त नाडी वाढवेल. पायाची बोटं हळूच वर वाकवताना नाडी आणि रक्तदाब उसळला तर तीच त्याची किंकाळी समजा. कप्प्यातला दाब डायस्टॉलिक रक्तदाबाच्या ३० मिलिमीटरच्या आत येऊन ठेपला तर सर्जन पोटरी उघडतात. हेपारिनमुळे रक्त जाईल म्हणून थांबलं तर पाऊल कायमचं लुळं राहू शकतं.

गोधडी
मूल दोन्ही पायांनी आणि दोन्ही हातांनी सारखंच अशक्त असेल तर? तेही चेतातंतूच का?

साधाकागद
दोन्ही बाजू समान, आणि स्नायू भरपूर वाळलेले, तर दाबामुळे झालेली इजा नव्हे, गंभीर आजाराने येणारा चेतातंतू-स्नायूंचा अशक्तपणा. जंतुसंसर्ग, अनेक अवयव निकामी होणं, स्टेरॉइड, दीर्घ काळ स्नायू शिथिल करणारी औषधं, यांचा हा परिणाम. चेहरा बऱ्याचदा वाचतो. एका बाजूचं, एका तंतूच्या हद्दीतलं लुळेपण आणि हे, दोन वेगळे रोग आहेत, उपचारही वेगळे.

विद्युत तपासणी कधी करायची, यावर फार वेळ वाया जातो. इजेनंतर पहिल्या आठवड्यात केली तर तुटलेला तंतूही इजेच्या खालच्या भागात संदेश वाहतो आणि अहवाल फसवा चांगला येतो. मोटर (स्नायूंचा) प्रतिसाद साधारण आठवडाभरात, संवेदनेचा दहा दिवसांत पडतो. सुईच्या तपासणीतली लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी. म्हणून तीन आठवड्यांनी पहिली, नंतर तीन महिन्यांनी दुसरी. प्लेटलेट कमी असताना सुई टाळून फक्त वहन-तपासणी करावी.

१९४३ मध्ये ब्रिटिश सर्जन सेडन यांनी केलेले चेतातंतूंच्या इजेचे तीन प्रकार अजूनही कामाचे आहेत. नुसता धक्का बसून वहन थांबलं असेल तर दिवसांत-आठवड्यांत परत येतं. आतला तंतू तुटून आवरण शाबूत असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मानेपासून हातापर्यंतचं अंतर मोजा आणि महिन्यांचा हिशेब स्वतः करा. पूर्ण तुटला असेल तर आपोआप जुळत नाही. हाताच्या बाबतीत तीन महिन्यांत काहीच हालचाल परतली नाही तर चेतातंतूंच्या सर्जनकडे पाठवा. वर्षभर फिजिओथेरपी करून मग पाठवू नका, तोवर स्नायू हातचे जातात.

देवचाफा
फ्रेनिक राहिला. एक्मो सुटलं, फुप्फुसं स्वच्छ, तरी व्हेंटिलेटर सुटत नाही, दोनदा नळी काढून परत घालावी लागली, तर श्वासपटल बघा. व्हेंटिलेटरचा दाब चालू असताना एक्स-रेमध्ये ते जागेवरच दिसतं, कारण हवा त्याला खाली ढकलून ठेवते. मूल स्वतः श्वास घेत असताना सोनोग्राफी करा: श्वास आत घेताना लुळी बाजू वर सरकते. नवजात बाळात छातीतली नळी फार आत, मध्यरेषेकडे ढकलली तरी फ्रेनिक दुखावतो, म्हणून तिचं टोक कुठे आहे तेही एक्स-रेवर तपासा. सुधारणा नसेल तर श्वासपटलाला टाके घालून ते ताणून खाली घेतात, मग बाळाचा श्वास मोकळा होतो.

कंदील
वर सगळं वाचून मी थोडा सरकतो. सुरुवातीलाच दुर्बीण नको, पण मानेवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून स्वरतंतू हलतात का ते बघता येतं, रक्त येण्याची भीती नाही. मानेतून एक्मो झालेल्या प्रत्येकाला ती. संशय आला किंवा नीट दिसलं नाही तर दुर्बीण. हे सगळं पहिलं दूध तोंडाने देण्याआधी.

चाफेकळी
कंदील, मान्य, एका अटीवर: सोनोग्राफी करणाऱ्याचा हात त्यात बसलेला हवा, आणि मानेवर ड्रेसिंग वा सूज असेल तर सरळ दुर्बीण. नाकपुडीत आधी रक्तवाहिन्या आकसणारे थेंब, सर्वांत बारीक दुर्बीण, शेजारी सक्शन. दोन मिनिटांचं काम आहे.

अनुस्वार
ठीक. म्हणजे तपासणी प्रत्येकाची, साधन परिस्थितीनुसार. मी घरी जाण्याच्या कार्डात एवढं धरतो: आवाज आणि गिळणं, दोन्ही बाहुल्या आणि पापण्या, दोन्ही हातांची मोरो किंवा वस्तूकडे झेप, श्वासपटल, गुडघ्याची उडी, दोन्ही चवडे वर उचलले जातात का. आणि श्रवण-तपासणी, कारण जेंटामायसिन, फ्युरोसेमाइड आणि प्राणवायूची कमतरता यांनी ऐकू येणं नंतरही कमी होऊ शकतं. पहिली तपासणी चांगली आली तरी पुन्हा करायची.

वेलांटी
एक दुरुस्ती. कार्डावर "आवाज सुधारला" असं लिहू नका. लुळ्या बाजूची भरपाई चांगला स्वरतंतू करतो, तो मध्यरेषा ओलांडून पलीकडे जाऊन मिळतो. आवाज येतो, तंतू तसाच मेलेला असतो. याच मुलाची पुढे कधी महाधमनीच्या कमानीवर किंवा थायरॉइडवर शस्त्रक्रिया झाली आणि डावा तंतू दुखावला, तर दोन्ही बाजू जातील आणि श्वासाची वाट बंद होईल. भूल देणाऱ्याला आणि सर्जनला हे आधी माहीत हवं.

अनुस्वार
बदललं. आता ओळ अशी: "उजवा स्वरतंतू: हलतो / हलत नाही, दुर्बीण किंवा सोनोग्राफी, तारीख." आणि तिच्याखाली डाव्यासाठी तशीच दुसरी ओळ.